दातांच्या दवाखान्यातला अभ्यास

ताईला ताई म्हणायचा खरा हक्क जगात एकाच माणसाला होता, तिच्या धाकट्या भावाला. पण तो बोबडं बोलायला लागला तेव्हा त्याला सवय लागावी म्हणून आईनेही तिला ताई म्हणायला सुरुवात केली, पाठोपाठ बाबांनी, मग शेजाऱ्यांनी. आणि पुढे ती दातांच्या दवाखान्यात काउंटरवर बसायला लागली तेव्हा तोंडात स्वतःचा एकही दात न उरलेले आजोबासुद्धा तिला ताई म्हणू लागले. डॉक्टर तर तिला पगार देत, पण हाक तीच. आपल्याला जन्मतः दुसरं एक नाव मिळालेलं आहे, हे तिला कुठे सही करायची वेळ आली की आठवायचं.

दवाखाना बुटांच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. आत शिरलं की ताईचं काउंटर, समोर भिंतीला टेकलेली खुर्च्यांची रांग आणि डावीकडे ड्रिलचा आवाज येणारा दरवाजा. दाताची गंमत अशी की तो दुखेपर्यंत माणूस त्याला विसरलेला असतो आणि दुखायला लागला की तोच माणूस जगातला सगळ्यांत महत्त्वाचा होतो. अशी सगळ्यांत महत्त्वाची माणसं ताईसमोर दिवसभर ओळीने बसलेली असायची. कुणाचं 'फक्त दोन मिनिटांचं' काम असायचं, कुणाची गाडी भलत्याच जागी लावलेली असायची, कुणी डॉक्टरांचा शाळेतला मित्र असायचा. डॉक्टरांना इतके शाळामित्र होते की त्यांचा वर्ग मैदानात भरत असावा. ताई सगळ्यांना एकाच सुरात सांगायची, "बसा, बोलावते." त्या सुरात काय होतं कोण जाणे, पण माणसं बसायची.

इतकं सुरळीत चाललेलं असताना तिच्या डोक्यात बिझनेस स्कूलचं खूळ शिरलं ते एका चकचकीत बुटांतल्या पोरामुळे. डॉक्टरांनी पेशंटसाठी नवी खुर्ची घेतली, तिच्यासोबत कंपनीने एक सल्लागार फुकट पाठवला. पेशंटचा खोळंबा कसा कमी करावा, हे तो लॅपटॉपवर रंगीत चौकोन दाखवून ताईला समजावणार होता. ताई हसायच्या तयारीनेच बसली होती. त्याने सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी ती करतच होती, फक्त त्यांना नावं असतात हे तिला माहीत नव्हतं. पण मधूनमधून तो असंही काही बोलून गेला, जे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. हसायचं राहून गेलं. तिला त्याचा हेवा वाटला, अगदी सरळ, पोटात दुखावं तसा हेवा. हे कुठे शिकवतात, असं तिने विचारलं. त्याने सांगितलं आणि वर म्हणाला, "प्रवेश परीक्षा मात्र फार कठीण असते हं." ते 'हं' तिला लागलं.

शिवाय घाई करायलाही कारण होतं. पुढच्या वर्षी डॉक्टरांचा पुतण्या दवाखाना हाती घेणार होता आणि काउंटरच्या जागी एक स्क्रीन बसवणार होता. ही योजना त्याने ताईने करून दिलेला चहा पीत पीत ताईलाच सांगितली होती. म्हणजे परीक्षेला बसायची संधी या एकाच वर्षी. नाही जमलं तर दुसरं एखादं काउंटर शोधायचं, तिथेही 'बसा, बोलावते' म्हणायचं, आणि म्हणत म्हणत म्हातारं व्हायचं.

पुस्तकांची अडचण नव्हती. ती घरच्या माळ्यावर पडून होती. धाकट्याने हीच परीक्षा दोनदा दिली होती. त्याला नावाजलेला क्लास लावला होता, स्वतंत्र खोली दिली होती, वळवता येणारा टेबललॅम्प आणला होता. तो अभ्यासाला बसला की घरात सगळे मांजरासारखे चालायचे आणि आई भांडी पुसून ठेवायच्या आधी त्यांनासुद्धा गप्प राहायला सांगतेय असं वाटायचं. इतकं करून त्याचं पर्सेंटाइल असं काही विनम्र आलं की ते घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नाही. मग तो पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणाऱ्या कंपनीत लागला आणि गळ्यात टाय घालून फिरू लागला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्या सगळ्या काळात ताईच्या डोक्याचा विषय कुणी काढला नव्हता. खरं सांगायचं तर ताईनेही काढला नव्हता.

ती एकेक पुस्तक पिशवीत घालून दवाखान्यात नेऊ लागली. धाकट्याने पहिल्या काही पानांवर पिवळ्या शाईने रेघा ओढल्या होत्या. पुढची पानं छापखान्यातून आली तशीच कोरी होती. ताईचा अभ्यास मात्र फार विचित्र चालायचा. एक गणित वाचायचं, की फोन वाजायचा. फोनवर अक्कलदाढेची तक्रार ऐकून घ्यायची, आतून डॉक्टर ओरडले की कापूस नेऊन द्यायचा, रडणाऱ्या पोराला हातमोज्याचा फुगा करून द्यायचा, कुणाला तरी बसवायचं, आणि परत पुस्तकाकडे बघायचं, तर गणित सुटलेलं असायचं. कधी, कसं, ते तिलाही कळायचं नाही. जणू तिने गणितालाही खुर्चीवर बसवलं होतं आणि बसल्या बसल्या त्याने आपलं आपण आवरून घेतलं होतं. लांबलचक उतारे ती ड्रिलच्या आवाजात वाचायची. एकदा गाल सुजलेले एक निवृत्त मास्तर तिच्या पुस्तकात डोकावले आणि बधिर तोंडाने बोलता येईना म्हणून बोटांनी उत्तर दाखवून मोठ्या दिमाखात आत गेले. उत्तर चुकीचं होतं. पण पेशंटला दुखवायचं नाही, हा दवाखान्याचा नियम.

महिन्यांमागून महिने गेले. सुटलेली गणितं वाढत चालली तशी तिची भीड चेपल्यासारखी झाली आणि एका रविवारी जेवताना तिने घरात सांगून टाकलं.

धाकट्याचा घास हातातच राहिला. मग त्याने, निवृत्त झालेल्या खेळाडूने नव्या पोरांकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं. "ताई, तुला म्हणून सांगतो, ही परीक्षा अभ्यासाची नाहीच. ही टेम्परामेंटची आहे."

"मग तुझं काय झालं?" आईने निरागसपणे विचारलं.

"माझा क्लासच चुकला," धाकटा म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. हयात पाइप आणि व्हॉल्व्ह यांत गेली होती. त्यांनी पुस्तक हातात घेतलं आणि नेमकं टाकीचं गणित उघडलं. एक नळ टाकी भरतो, दुसरा त्याच वेळी रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल. बाबांचा चेहरा पडला. "खालचा नळ आधी बंद करायला काय होतं यांना?" ते म्हणाले. ताईने समजावलं की तो उघडाच ठेवायचा असतो. "असं करणाऱ्या माणसाला आमच्या खात्यात घरी बसवला असता," बाबा म्हणाले. त्या शिक्षणावरचा त्यांचा विश्वास तिथेच उडाला. मुलीवरचा होता की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

पण घर म्हटल्यावर मदत करणं आलं. आणि या घराला परीक्षेसाठी मदत करायची एकच रीत ठाऊक होती. पुढच्या रविवारी ताई घड्याळ लावून पहिली मॉक टेस्ट द्यायला धाकट्याच्या खोलीत बसली. वळणारा टेबललॅम्प माळ्यावरून पुन्हा खाली आला. आईने कपडे धुण्याचं मशीन बंद ठेवलं. धाकटा आपल्याच घरात चपला हातात घेऊन फिरला. बाबांनी हॉलमधल्या घड्याळाची बॅटरी काढली, कारण ते टिकटिक करायचं. समोरच्या काकू विरजण मागायला आल्या तर बाबांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं आणि दुःखी चेहऱ्याने आतल्या खोलीकडे खूण केली. घरात कुणीतरी गेलं, अशा समजुतीने काकू परत गेल्या आणि अर्ध्या तासाने पांढरी साडी नेसून आल्या.

ताईचं मात्र आत पानिपत झालं होतं. येत होती ती गणितंही येईनात. ती प्रश्न वाचायची आणि शांततेत तिला स्वतःचा श्वास ऐकू यायचा, मग छातीचे ठोके, मग कुठूनसा एक बारीक आवाज, हे तुझं काम नव्हे म्हणून. पर्सेंटाइल धाकट्याच्याही खाली आलं. धाकट्याने तिच्या पाठीवर हात ठेवून "होतं असं" म्हटलं. त्याला खरंच वाईट वाटलं होतं, पण आनंदही काही लपत नव्हता.

घराने याचा अर्थ असा लावला की शांतता कमी पडली. पुढच्या रविवारी आईने स्वयंपाक आदल्या दिवशीच करून ठेवला. बाबांनी बिजागऱ्यांना तेल घातलं. धाकट्याला घराबाहेरच काढलं. ही दुसरी टेस्ट पहिलीपेक्षा वाईट गेली. तिसऱ्या रविवारच्या आधी बाबा खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबताना दिसले तेव्हा ताईला रडू फुटलं.

"मला हे नकोय," ती म्हणाली. "दवाखान्यात किती गोंधळ असतो. तिथे मला सगळं येतं. इथे तुम्ही गप्प बसता आणि मला नुसती भीती वाटत राहते."

आईला राग आला. "म्हणजे आम्ही गप्प बसलो हा गुन्हा झाला? त्याच्या वेळी गप्प बसलो तेव्हा त्याने कधी तक्रार केली नाही."

"त्याने आत काय केलं ते तुला माहीत नाही म्हणून," ताई म्हणाली. धाकट्याने खिडकीबाहेर बघितलं.

बाबांनी लगेच नवा उपाय काढला. त्या रविवारी टीव्ही, रेडिओ आणि मिक्सर एकदम लावले गेले. पण घरच्यांनी ठरवून केलेल्या गोंगाटात ना गंमत असते ना उपयोग. शिवाय खरी अडचण तशीच राहिली. परीक्षेच्या हॉलमध्ये रेडिओ कोण लावणार होतं? तिथे तर सुई पडली तरी पर्यवेक्षक वळून बघणार. परीक्षा तोंडावर आली होती आणि ताईला मनोमन वाटायला लागलं होतं की धाकटा बोलला तेच खरं.

उलगडा झाला तो दवाखान्यात. त्या दिवशी खुर्च्या भरून माणसं दारात उभी होती. एक गृहस्थ काउंटरवर हात आपटत होते, आपल्याला आधी घ्या म्हणून. कोपऱ्यात एक बाई गालाला रुमाल लावून मान खाली घालून बसली होती. ताईने हात आपटणाऱ्या गृहस्थांना बसवलं आणि बाईंना आत पाठवलं. ते खवळले. ताई मनात म्हणाली, ज्याच्यात हात आपटायची ताकद आहे, तो थांबू शकतो. हे ती इतकी वर्षं रोज करत होती. कुणाला आधी घ्यायचं, कुणाला थांबवायचं, कुणाचा नुसता आवाज मोठा आहे, आणि कुणाचं आज काही होणं शक्य नाही, त्याला उद्या या म्हणून सांगायचं. पेशंटला ती घाबरत नव्हती, कारण घाबरायला तिला सवडच नसायची. आणि एकाच पेशंटला चिकटून बसायचं हे तर तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मग प्रश्नांपुढे ती अशी पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या पोरीसारखी का बसत होती? आल्या क्रमाने प्रत्येकाला आत घेत होती, आणि एकेकाचं होईपर्यंत उरलेली रांग आणि भीती यांना डोक्यावर बसवून घेत होती.

पुढच्या रविवारी ती त्याच चिडीचूप खोलीत बसली. बाबांना तिने सांगितलं, बॅटरी काढा नाहीतर ठेवा, तुमची मर्जी. पेपर उघडला आणि तिने आधी सगळी रांग डोळ्यांखालून घातली. एक अगडबंब तक्ता होता, नुसता आरडाओरडा करणारा. "बसा," ती पुटपुटली. कोपऱ्यात दोन ओळींचं गरीब गणित होतं, त्याला आत घेतलं. एकाशी थोडं बोलून त्याला परत बसवलं, दुसऱ्याला उद्या यायला सांगितलं. परत तक्त्यापाशी आली तर त्याचा आवाज बराच खाली आला होता. दाराबाहेर कान लावून बसलेल्या आईने बाबांना सांगितलं की पोरगी आत कुणाशी तरी बोलतेय. बाबा म्हणाले, पेपर संपेपर्यंत काही करू नकोस.

पर्सेंटाइल वर चढलं. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी चढलं. धाकट्याने तिची उत्तरं तपासली, मग पुन्हा तपासली, आणि बेरीज चुकली नाही हे कळल्यावर जरा वेळ फिरून येतो म्हणाला.

प्रत्यक्ष परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये कॉम्प्युटरच्या रांगा होत्या आणि प्रत्येकापुढे एक तरुण पोर घाम पुसत बसलं होतं. ताई त्यांच्यात मोठी दिसत होती. एकाने तिला पर्यवेक्षक समजून बाथरूमला जाऊ का विचारलंही. तिने सवयीने "जा" म्हटलं. पहिला भाग तिने दवाखान्यासारखा झपाट्याने संपवला. दुसऱ्या भागात मात्र तिचा पाय घसरला. एक कोडं आलं, पाच माणसं गोल टेबलाभोवती बसलेली, कोण कुणाच्या शेजारी ते ओळखायचं. माणसं बसवायचं काम, म्हणजे तिच्या हातचा मळ. तिला गर्व झाला. हे नाही जमलं तर काय जमणार, या हट्टाने ती त्यालाच धरून बसली. चौघे बसायचे आणि पाचवा उभा राहायचा. पुन्हा मांडायची, पुन्हा कुणीतरी उभं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ पळत होतं, आणि हे तुझं काम नव्हे म्हणणारा तो बारीक आवाज परत आला.

तेव्हा तिला धाकट्याची कीव आली, खरीखुरी. बंद खोलीत त्या पोराने हेच भोगलं असणार, आणि बाहेर सगळं घर कान देऊन बसलेलं. तिने एक श्वास घेतला आणि त्या पाच माणसांना, ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं, "तुम्ही सगळे उद्या या." पर्यवेक्षकाने वळून पाहिलं. तिने मान खाली घातली आणि रांगेतल्या पुढच्याला बोलावलं. ते पाचजण शेवटपर्यंत उभेच राहिले. ती त्यांच्याकडे परत फिरकली नाही.

पुढे निकाल लागला, मुलाखतीला बोलावणं आलं, मुलाखतही झाली. प्रवेश मिळाल्याचा मेल आला तेव्हा दवाखान्यात एका पोराची दाढ निघत होती आणि ते बोंबलत होतं. ताईने मेल वाचला, पुन्हा वाचला, आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं. डॉक्टरांना संध्याकाळी सांगितलं. ते म्हणाले, "मग इथलं कोण बघणार?" मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी, कारण हातमोजे काढून त्यांनी तिच्याशी हात मिळवला.

घरी आई रडली. धाकट्याने त्या संस्थेचं नाव आपल्या फोनवर शोधून बघितलं आणि "ताई, ही खरंच चांगली आहे गं" असं म्हणाला. मग तो काहीतरी गोड आणायला गेला, आई चहा टाकायला गेली, आणि हॉलमध्ये ताई आणि बाबा उरले. बाबा खूश होते. ते गुडघे चोळत म्हणाले, "तुझं डोकं असं चालतं हे तेव्हा माहीत असतं, तर तुलाही क्लास लावला असता."

ताईला वाटलं होतं, आजच्या दिवशी नुसता आनंद होईल. पण आला तो राग, आणि इतका जुना राग आपल्या आत पडून होता याचं तिलाच नवल वाटलं.

"माहीत कसं असणार, बाबा?" ती म्हणाली. "त्याला क्लास लावला तेव्हा मी याच खोलीत होते. तुम्ही त्याला विचारलं, तुला काय व्हायचंय. दोनदा विचारलं. मला एकदा विचारायचं होतं. मी नाही म्हटलं असतं कदाचित. मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण विचारायचं होतं. दवाखान्यात चिकटले तेव्हा तुम्ही म्हणालात, बरं झालं, हिची काळजी मिटली. माझी काळजी मिटली नव्हती. मला राग येतो बाबा, अजून येतो."

आई चहाचे कप घेऊन दारातच थबकली. बाबांचा गुडघ्यावरचा हात थांबला. ते काहीतरी बोलतील, आमच्या वेळची परिस्थिती म्हणतील, याची ताई वाट बघत होती आणि त्यावर काय म्हणायचं तेही तिने मनात तयार ठेवलं होतं.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "तुला विचारायचं माझ्या मनातच आलं नाही."

ताईचं तयार ठेवलेलं बोलणं तसंच राहिलं. तिने डोळे पुसले. आईने कप टेबलावर ठेवले आणि कुणी उचलले नाहीत. बाबांनी खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवली. "तिथे जाऊन तू नक्की काय शिकणार आहेस?" त्यांनी विचारलं. "मला नीट सांग." आणि ती सांगू लागली.